कोणाबरोबर रडलात?

४ ऑक्टोबर १९२६, झिदेली

पोचले एकदाची! आणि पोचल्या पोचल्या शिव्या खाल्ल्या, म्हणजे नोकरीचा शकुन बरा झाला म्हणायचा.

झालं असं. शेवटची वाळूची टेकडी चढल्यावर खाली झिदेलीची घरं दिसली. सपाट छपरं, प्रत्येकातून शेणीचा धूर, मधोमध विहीर, उंट बसलेले. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. शहरात तीन वर्षं बाकावर बसून काढलेली. घोडीला टाच मारली आणि सुटले भरधाव, ती थेट पहिल्या घराच्या दारापर्यंत. दारात एक म्हातारी वरी चाळत बसली होती. तिच्या हातातली चाळणी गळून पडली. लगाम धरून विचारायला लागली, "कोण गेलं? सांग लवकर, कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही हो आजी, मी नवी डॉक्टरीणबाई, तोरगिन. मग मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. मढं असल्याशिवाय कोणी दारात असं घोडं फेकत येतं का? आईनं काही शिकवलं का नाही? शहरात अक्कल गहाण ठेवून आलीस का?

बरोबरच आहे तिचं. घरं दिसली की घोडा चालीवर आणायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भरधाव यायचं ते फक्त मयताच्या घरी, लांबूनच "ओ माझ्या काळजा!" असा टाहो फोडत. मी पार विसरले होते.

हीच बाल्झीया आजी. तिच्या घराला लागून एक खोली मला दिलीय. मध्ये मातीची भिंत, दार वेगळं. पलीकडे आजी, तिचा मुलगा सेयितकाली, सून कुलांदा आणि कुलांदाची वर्षभराची मेरुएर्त. सेयितकाली उंट सांभाळतो आणि आठवड्यातून दोन वाक्यं बोलतो. त्याच्या वाटचं कुलांदा बोलते. माझी थर्मामीटरं, काचपट्ट्या, बाटल्या उचलून ठेवायला आली आणि म्हणाली, "अगं बाई, हिच्याकडे सगळं काचेचंच. हिला जपून हात लावा हो, फुटेल." तेव्हापासून मी काच-ताई. तिनं आणलेले गरम बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे, किती खाल्ले ते लिहीत नाही.

काम काय, तर डोळ्यांत तेल घालून बघायचं. या वाळूत ते दुखणं काही वर्षांनी परत परत येतं. ताप, गाठ, खोकल्यातून रक्त, आणि मग गावंच्या गावं गप्प. डॉक्टर ग्लेबोव्ह म्हणतात, पहिला रोगी वेळेवर सापडला तर गाव वाचतं. ते राहतात किल्ल्याच्या शहरात, त्यांचे डोळे म्हणजे मी. माझं गाव मी लहान असताना असंच संपलं, मला मावशीनं वाढवलं. म्हणून तर हे काम मी मागून घेतलं. मी खूप आनंदात आहे आज, हे लिहून ठेवते.

८ ऑक्टोबर

घरोघर फिरतेय. ताप कोणाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "कसला ताप? आमच्यात कोणी आजारी पडत नाही. तूच जरा सुकलेली दिसतेस, बस, चहा घे." चहा पिऊन पिऊन पोटात विहीर झालीय. लोक लपवतात, कारण आजार सांगितला की शिपाई येतात, बिछाने जाळतात. मला त्यांचा रागही येतो आणि कळतंही.

मग आज एक युक्ती सापडली. वरच्या वस्तीतले बेकमुखान बाबा वारले. दुखणं बिखणं काही नाही, नव्वदीचं पिकलं पान. मीही गेले. टेकडीमागून घोडेस्वारांच्या झुंडी टाहो फोडत येत होत्या. उतरले की एकेकाच्या गळ्यात पडायचं, खांद्यावर मान टाकून रडायचं, की पुढचा. आत बायका विलाप गात होत्या. त्यांच्याही गळ्यात पडायचं. सगळ्यांच्या गळ्यात पडून मीही रडले. मन हलकं झालं.

परतताना डोक्यात आलं, आजार लपवतील, पण सांत्वनाला गेल्याचं कोण लपवेल? न जाणं हीच तर लाज. म्हणून आता मी विचारते, "अलीकडे कोणाबरोबर रडलात?" आणि काय सांगू, लोक घडाघडा बोलतात! कोण कोणत्या वस्तीवरून आलं, कोणाच्या घरात काय झालं, सगळं. कोण कोणाच्या श्वासाइतकं जवळ गेलं, हेच तर मला हवं असतं. गावचे कारभारी उंबेत काका हसून म्हणाले, "ही पोर तर आमच्या अश्रूंचा हिशेब ठेवायला आलीय." डॉक्टरांना युक्ती कळवली. शाबासकी येईल असं वाटतंय.

१२ ऑक्टोबर

सेयितकालीचा एक उंट आजारी होता. मान खाली, चालताना धडपडायचा. मी खालच्या वस्तीत गेले असताना, मरायच्या आत म्हणून त्यानं तो कापला. प्रत्येक घरी वाटा पोचला. माझ्या दाराशीही चांगला मोठा तुकडा टांगलेला.

मी उंबेत काकांकडे धावले. म्हटलं, हे मांस पुरा, उंटाला ते दुखणं असू शकतं. काका म्हणाले, "पोरी, सगळ्यांच्या पातेल्यात शिजतंय ते. आता काय पातेली पुरू?" मी म्हटलं, निदान खूप वेळ शिजवा. त्यावर बायका हसल्या, की आता शहरातल्या पोरी आम्हाला उंट शिजवायला शिकवणार.

कातडं कुलांदानं सोललं. बोटाला सुरी लागलीय तिच्या. मी आयोडिन लावून पट्टी बांधली, तर म्हणे, "काच-ताई, एवढंसं खरचटलंय, तू तर मला अर्धी मेलेलीच करतेस." मेरुएर्त माझ्या मांडीवर बसून पट्टीचं टोक ओढत होती. हिला माझी ओढ लागलीय. आईकडे जायलाही तयार नसते.

रोज सगळ्यांची तपासणी करतेय. ताप कोणाला नाही. देवाची कृपा.

१७ ऑक्टोबर

काखेत कळसा नि गावाला वळसा. अक्षरशः.

सकाळी कुलांदानं मेरुएर्तला माझ्याकडे दिलं ते डाव्या हातानं. उजवा हात अंगापासून लांब धरून. मी म्हटलं, हात वर कर. हसली, नाही म्हणाली, मग भांडली, मग रडायला लागली. काखेत गाठ. हात लावू देईना इतकी ठणकतेय. तीन दिवसांपासून अंगावर शाल घेऊन वावरत होती आणि मी साऱ्या गावाच्या काखा बघत हिंडत होते.

निरोप घेऊन स्वार गेला. तिला परसातल्या कोठीत एकटी ठेवलंय, मी सोडून आत कोणी जायचं नाही. मेरुएर्त माझ्या खोलीत.

१९ ऑक्टोबर

कुलांदा गेली. दुपारी, चहाच्या वेळेला.

शेवटी शुद्धीत होती. माझ्या तोंडावरच्या पट्टीकडे बघून म्हणाली, "मला नीट रडून घ्या गं. बेकमुखान बाबांना रडलात तसं. सगळे या. तू पण ये, काच-ताई." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं असतं?

२० ऑक्टोबर

डॉक्टर ग्लेबोव्ह शिपाई घेऊन आले. काम त्यांनी भराभर उरकलं. आंघोळ नाही, कफन नाही, ताडपत्रीत गुंडाळून खोल खड्डा आणि वर भरभरून चुना. कोठी जाळली. कोणी कोणाच्या घरी जायचं नाही, कोणी कोणाच्या गळ्यात पडायचं नाही, रडायला जमायचं नाही. लोक पळून जाऊ नयेत म्हणून गावचे सगळे घोडे शिपायांनी हाकून नेले, माझी घोडीसुद्धा. पहारा टेकडीपलीकडे, लांब.

डॉक्टर रशियन बोलत होते. गावाला ते आमच्या बोलीत सांगितलं मी. बाल्झीया आजी हात जोडून म्हणाली, "मला तरी एकटीला तिच्यासाठी विलाप गाऊ दे. निदान माझ्या गळ्यात पडायला एक बाई येऊ दे. एकट्यानं रडणं म्हणजे रडणं नव्हे." मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. मला उत्तर माहीत होतं, आणि तेच बरोबरही होतं. मी नाही म्हटलं. आजीनं जोडलेले हात खाली घेतले. मग शांतपणे म्हणाली, "ज्याला कोणी रडत नाही ते माणूस दारोदार फिरतं पोरी, आपलं रडणं मागत. तुला हेही शिकवलं नाही का कोणी?"

डॉक्टर लस घेऊन लवकर परत येतो म्हणाले. मेरुएर्तला त्यांनी तपासलं, चांगली आहे. ती माझ्याचजवळ राहील. बाकी काही जमो न जमो, हिला जगवायचं. मी ठरवलंय.

२४ ऑक्टोबर

नवा रोगी नाही! मेरुएर्तनं आज शेळीचं दूध वाटीभर प्यायलं आणि वाटी माझ्या डोक्यावर उपडी घातली. मी खूप दिवसांनी हसले. वाटतंय, वाचलं गाव.

संध्याकाळी, लिहिता लिहिता भिंतीपलीकडून आजीची हाक आली. सेयितकालीला ताप आहे. खोकल्यातून रक्त.

मी दारातून विचारलं, माझा नेहमीचा प्रश्न. कोणाबरोबर रडलास? त्यानं भिंतीकडे तोंड केलेलं होतं. म्हणाला, "कुलांदाबरोबर." मी म्हटलं, कुलांदासाठी ना? कोण आलं होतं? तो म्हणाला, "कुलांदाच आली होती. काल दुपारी. दारात उभी राहून रडत होती. तिला नको म्हणू?"

तापात माणूस काहीही बोलतो. तसं लिहून अहवाल पहाऱ्यावर पाठवलाय.

२७ ऑक्टोबर

सेयितकाली गेला. त्यालाही चुन्यातच पुरलं. आता तपशिलानं लिहिते, कारण मला स्वतःलाच समजून घ्यायचंय.

परवा उंबेत काका स्वतः माझ्या दाराशी आले, मुद्दाम लांब उभे राहिले. चेहरा चोरट्यासारखा. म्हणाले, "पोरी, तुझी बंदी मोडली मी. रागावू नको. सेयितकालीची बायको आली होती, दाराशी टाहो फोडत होती. म्हातारा माणूस मी, काय दार लावून घेऊ? धरलं गळ्याशी. रडलो दोघं." मी त्यांना म्हटलं, काका, कुलांदाला पुरताना तुम्हीच माती लोटलीत. ते म्हणाले, "हो ना. तेच म्हणतोय मी."

थर्मामीटर लावलं. ताप नव्हता. जीभ स्वच्छ, डोळे स्वच्छ, नाडी माझ्यापेक्षा बरी. तापात बरळत नव्हते ते. हे मी दोनदा तपासलं. फक्त त्यांच्या कोटाच्या दोन्ही खांद्यांवर पांढरी पूड लागलेली होती, गळ्यात हात टाकल्यावर लागावी तशी. मी बोटावर घेऊन बघितली. चुना. मला वाटलं, खड्ड्यापाशी उभे होते तेव्हाचा असेल.

काल ते आजारी पडले. आज त्यांना बोलता येत नाही.

३० ऑक्टोबर

उंबेत काका गेले. त्यांच्याशेजारच्या घरी तिघं पडलीत. मी विचारते, कोणाबरोबर रडलात? एक म्हणते कुलांदा. एक म्हणतो सेयितकाली, "एरवी बोलायचा नाही, पण रडला मात्र भरपूर." त्यांची मुलगी म्हणते उंबेत काका. तिच्या खांद्यावरही ती पूड. तिला तर मी खड्ड्याच्या जवळपासही जाऊ दिलं नव्हतं.

रोग कोणाकडून कोणाकडे गेला याचे बाण काढते मी, कागदावर. प्रत्येक बाण त्या खड्ड्यांतून निघतो.

आज बर्फ पडलं. मी खड्ड्यांपाशी जाऊन आले. चुन्याचं कवच जसंच्या तसं, तडा नाही. वर बर्फ. मला बरं वाटलं. मग परतताना दिसलं, की तिथून गावाकडे पावलं गेलीत. माझी नव्हेत. अनवाणी. जाणारी आहेत, येणारी नाहीत.

डॉक्टरांना काय लिहू? वेडी म्हणतील, दुसरी कोणी पाठवतील, आणि मेरुएर्तला अनाथांच्या खोलीत टाकतील. लिहिलं फक्त, "लस तातडीनं पाठवा."

२ नोव्हेंबर

भिंतीपलीकडे आजी विलाप गातेय. भर दुपारी, लख्ख ऊन आहे. आजीचा आवाज मी ओळखते.

दुसराही आवाज आहे.

दुसरा तिच्या ओळी उचलतो, बेकमुखान बाबांच्या घरी बायका उचलत होत्या तशा. मेरुएर्त रांगत भिंतीपाशी गेली आणि भिंतीवर तळवे आपटून हसायला लागली. मी तिला उचलून आणलं. भिंतीवर थाप मारून ओरडले, आजी, दार लावा! आजी तिकडून म्हणाली, "रडणाऱ्याला दाराशी ताटकळत ठेवू? तेवढी निर्लज्ज नाही झाले मी अजून."

३ नोव्हेंबर

आजी खोकतेय. मी आत जाऊन पाणी ठेवून आले, पट्टी बांधून. खांदे पांढरे. चेहरा मात्र निवांत, गेल्या कित्येक दिवसांत बघितला नव्हता इतका. म्हणाली, ती तुझ्याकडेही येणार गं. तू हो म्हणाली होतीस. रडून टाक आताच, म्हणजे सुटशील.

मी खोलीत येऊन बसले. रडायचा प्रयत्न केला. आलंच नाही. एकटीला येतच नाही.

५ नोव्हेंबर

आजी गेली. या आठवड्यात घरामागून घर पडलंय, पुरायला हात नाहीत. दार ओढून घेतलं, उंबऱ्यावर चुना टाकला.

मेरुएर्तला पाठीशी बांधून टेकडीपर्यंत गेले. पहाऱ्यावरच्यांना ओरडून सांगितलं, मूल निरोगी आहे, फक्त मूल घ्या, मी मागे फिरते. त्यांनी बंदुका रोखल्या. एकाला मी ओळखते, शहरात त्याच्या आईला मी औषध देत असे. तोही ओरडला, "ताई, पाया पडतो, पुढे येऊ नको." हुकूम आहे. डॉक्टरांचा निरोप काठीला बांधून फेकला, लस वाटेत आहे, धीर धरा.

धीर धरा म्हणे. कोणी?

७ नोव्हेंबर

आज धूर फक्त माझ्या छपरातून निघतोय. बाकी सगळी छपरं पांढरी. विहिरीशी उंट ओरडताहेत, पाणी काढायला कोणी नाही. मी काढलं थोडं. चालताना पाय वाकडे पडतात. थकले असेन.

डोकं फार दुखतंय.

८ नोव्हेंबर

आली.

दुपारी, चहाच्या वेळेला. आधी दाराखालच्या फटीतून पांढरी पूड आत सरकली. मग रडणं. मग, काच-ताई. फक्त तीच मला असं म्हणायची. काच-ताई, तू येणार होतीस ना. मी किती दारं फिरले गं. तू तेवढी राहिलीस —

मेरुएर्त दाराकडे रांगत सुटली. आई, आई करत. मी तिचा पाय धरला. किती जोर आहे एवढ्याशा पायात. मी तिला अंगाखाली दाबून पडून राहिले, तिचे कान झाकून. ती माझ्या हाताला चावली. आवाज थांबेपर्यंत —

कडी तपासली. लावलेली आहे.

९ नोव्हेंबर

थर्मामीटर बघितलं. मग झटकून परत बघितलं. आता लावणार नाही.

हे कालपासूनच असणार. काल मी तिला पोटाशी धरून —

आता तिला माझ्याजवळ ठेवायचं नाही. आणि बाहेर कोण आहे ते माहीत आहे. तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आजीच्या भिंतीपाशी लोकरीच्या जाड नमद्यात ठेवलंय. पेटीच्या कडीला फडक्यानं बांधलंय, माझ्याकडे रांगत येऊ नये म्हणून. दूध, भिजवलेले बाउरसाक तिच्या हाताशी. ती हात पसरून रडतेय. मी जात नाही. पट्टीवर पट्टी बांधून इथे बसलेय आणि जात नाही. देवा, कोणाला तरी पाठव. लस घेऊन, नाहीतर नुसतंच.

बाहेर ती दाराशी आहेच. आता रडत नाही. वाट बघतेय.

१० नोव्हेंबर

पट्टीवर रक्त.

जो कोणी येईल त्याच्यासाठी. मूल निरोगी होतं. आधी तिला न्या. माझ्या अंगाला हात लावू नका, चुना टाका, ते बरोबरच आहे. पण टाकल्यावर — लांब उभं राहून का होईना — रडा. नावं घेऊन. कुलांदा, सेयितकाली, उंबेत काका, बाल्झीया आजी. मी. कोणाला कळणार नाही. हुकूम मोडल्याचं मी कोणाला —

मी तिला हो म्हटलं होतं. दार उघडलं तर ती मला घेऊन जाईल आणि तेवढ्यावर थांबेल का? मेरुएर्तला सोडेल? आई आहे. सोडेल का घेईल — मला ठरवता येत नाही. डोकं —

मेरुएर्त रडायची थांबली. बरं झालं. दमली होती.

दुपार

टापा.

आले! डॉक्टर आले, शिपाई — खूप घोडे आहेत. टेकडी उतरताहेत. लस आणली. मेरुएर्त, ऐक —

इतक्या भरधाव का येताहेत.

गावात एक घोडा नाही. शिपाई तर गावात यायला —

ओरडताहेत. सगळे मिळून. ओ माझ्या काळजा. ओ माझ्या काळजा. उंबेत काकांचा आवाज आहे. आजीचा. सेयितकाली — तो एरवी कधी —

विहीर ओलांडली. कोणाच्या दारी चाललेत? दुसरं कोणाचं घर उरलंच नाही.

थांबले. माझ्या दारात. लगाम खेचल्याचा — उतरताहेत.

आजी म्हणाली होती, मढं असल्याशिवाय असं कोणी येत नाही. पण इथे तर — मी तर लिहितेय. लिहितेय ना? शाई ओली आहे. म्हणजे मी नाही.

मेरुएर्त मघापासून गप्प आहे. झोपली असेल. नमदा हलत नाहीये, पण झोपेत कुठे — हात लावून बघते, एकदाच, आणि मग दार —